पायातली शीर काढणारी दुर्बीण

मित्रांनो, जुनी म्हणावं तर माझं वय अवघं सहा वर्षांचं. पण दवाखान्यातल्या दुर्बिणीचं सहावं वर्ष म्हणजे म्हातारपणच. मी तारे दाखवणारी दुर्बीण नव्हे. मी माणसाच्या पायात शिरते. हातभर लांब, बोटाहून बारीक पोलादी नळी, टोकाला काच आणि मागे कॅमेरा, एवढाच माझा देह. माझी गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आले, कारण मला तिची लाज वाटते. न सांगण्याची तर त्याहून जास्त वाटते, म्हणून आज सांगते.

हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या की डॉक्टर बायपास करतात, म्हणजे रक्ताला दुसरी वाट काढून देतात. त्या वाटेसाठी पायातली एक लांब शीर काढून हृदयावर जोडतात. पूर्वी ही शीर काढायला घोट्यापासून मांडीपर्यंत पाय उभा चिरावा लागे. छातीची जखम भरून यायची, पण पायाची जखम महिनोन्‌महिने वाहत राहायची. मी असले की गुडघ्याजवळ दोन बोटांची चीर पुरते. मी कातडीखालून पुढे सरकत आतलं सगळं पडद्यावर दाखवते आणि माझ्यासोबतचं बारीक हत्यार शिरेचे फाटे तोडत जातं.

मी जन्मले दूर परदेशात, पण मला जग दाखवलं ते धैर्यशीलनं. तो खंडाळ्याचा. आमच्या कंपनीचा माल विकायचा. त्याच्या गाडीच्या डिकीत मी सातारा ते सांगली किती फेऱ्या मारल्या असतील, त्याला गणती नाही. प्रत्येक दवाखान्याच्या बोळात दुसऱ्या कंपन्यांचे दोन-तीन विक्रेते आपापल्या दुर्बिणी घेऊन बसलेलेच असायचे. धैर्यशील मला रबराच्या पायात घालून दाखवायचा आणि म्हणायचा, "सर, पेशंट दुसऱ्या दिवशी चालतो. घाव शोधावा लागतो, शोधावा!" डॉक्टर किंमत विचारत, चित्र किती स्वच्छ दिसतं ते विचारत. कौतुक ऐकून ऐकून मी पार हरभऱ्याच्या झाडावर चढले होते.

शेवटी सांगलीच्या एका दवाखान्यानं मला घेतलं. तिथं ऑपरेशन थिएटरची हत्यारं धुण्याचं काम ज्ञानूमामांकडे होतं. पंचवीस वर्षं त्यांनी तेच केलेलं. त्या दिवशी एकट्या त्यांनीच कामाचा प्रश्न विचारला.

"आवं साहेब, समदं ब्येस हाय, पर ही धुवायची कशी?"

"कागद येईल मामा. त्यात सगळं लिहिलेलं असतं," धैर्यशील घड्याळाकडे बघत म्हणाला.

कागद आला. आठ पानं, बारीक अक्षरं, सगळी इंग्रजीत. ज्ञानूमामा शिकलेले चौथीपर्यंत. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी बघितला, घडी घातली आणि माझ्या पेटीत स्पंजाखाली जपून ठेवला. कुणाकडून वाचून घ्यायला त्यांना संकोच वाटला असावा. बाकी कुणाला त्या कागदाची आठवणही झाली नाही.

तरी चार वर्षं चांगली गेली. पायातली शीर काढायचं काम डॉक्टर शिवांजली करायच्या. त्यांचा हात हलका आणि जीभ तिखट. वडूजची एक म्हातारी घरी जाताना लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून सगळ्या वॉर्डाला पाय दाखवत फिरली होती. "बगा गं, एवढुसंच हाय!" असं ती म्हणायची आणि मी पेटीत फुगायचे. काम शिवांजलीताईंचं, धुणं ज्ञानूमामांचं आणि मोठेपणा मात्र माझा, असं मी मनात धरून बसले.

मग ती खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारं पुजतात. शेतकरी विळा पुजतो, सुतार पटाशी पुजतो, तसं ज्ञानूमामा दरवर्षी थिएटरची हत्यारं पुजायचे. इतर वर्षी ते पेट्यांवरच हळदीकुंकू वाहायचे. त्या वर्षी मात्र त्यांनी मला पेटीतून बाहेर काढलं.

"हिला लावलंच पायजे," ते सिस्टरना म्हणाले. "हिनं लय जणांचं पाय राखल्यात."

आणि हळदीकुंकवाचं ओलं बोट त्यांनी थेट माझ्या काचेवर टेकवलं. मित्रांनो, त्या क्षणी मला जितका आनंद झाला, तितका कधी झाला नव्हता. तोच आनंद आता मला टोचतो.

दसऱ्याच्या सुट्टीत ते कुंकू काचेवर वाळून खडखडीत झालं. तिसऱ्या दिवशी बायपास ठरलेली. मामांनी मला धुवायला घेतलं, पण डाग निघेना. बोटानं निघेना, ब्रशानं निघेना. निर्जंतुक करायला पाठवायची वेळ होत आली. मामा घाबरले आणि पोलादी ट्रे घासायची तारेची घासणी त्यांनी माझ्या काचेवर फिरवली. डाग गेला. काचेवर ओरखडे उठले. मामांनी मला उजेडाला धरलं, डोळे बारीक केले आणि स्वतःलाच म्हणाले, "दिसतंय की." ते कुणाला काही बोलले नाहीत.

त्या दिवशीचा पेशंट म्हणजे विट्याचे बशीरभाई शिंपी. खिल्लार बैलांच्या झुली शिवणारा माणूस. जाड कापड, त्यावर आरसे, गोंडे, आणि पायानं चालवायचं जुनं मशीन. आदल्या दिवशी ते शिवांजलीताईंना म्हणाले होते, "मॅडम, छातीचं काय बी करा. पर उजव्या पायाला जपा. टाका कुठं घट्ट, कुठं सैल घ्यायचा, ते माजा पाय ठरवतोय. मला साखर हाय, जखम लवकर भरत न्हाई." त्यांची बीबी सुगराबी शेजारी उभी होती. ताई तिला म्हणाल्या, "काळजी करू नका. चांगली शीर त्याच पायात आहे, पण दुर्बिणीनं काढणार आहे." माझ्या भरवशावर त्यांनी शब्द दिला.

मी आत गेले आणि मला नीट दिसेना. सगळं धुक्यातून बघावं तसं. ताईंनी पडद्याकडे बघून विचारलं, "मामा, धूसर दिसतंय. काच बघितली होती ना?"

मामांचा चेहरा उतरला. "वाफ धरली आसंल, मॅडम," ते म्हणाले.

तिकडे छाती उघडलेली होती, थांबायला वेळ नव्हता. ताई पुढे सरकल्या. शिरेला मागच्या अंगानं एक फाटा होता. मी तो दाखवायला हवा होता. मला तो दिसलाच नाही. शीर तिथंच फाटली आणि पडदा लाल झाला. ताईंनी मला बाहेर ओढलं, हातात सुरी घेतली आणि घोट्यापासून मांडीपर्यंत पाय चिरला. ज्यासाठी माझा जन्म झाला, नेमकं तेच मी करू शकले नाही.

फाटलेल्या जागेच्या वर चांगली शीर मिळाली आणि बशीरभाईंचं हृदय वाचलं. पण साखरेमुळे पाय चिघळला आणि त्यात स्पर्श कळवणाऱ्या नसाही दुखावल्या. माझं काम बंद करून मला ड्रेसिंगच्या खोलीतल्या फळीवर ठेवलं होतं. आठवड्यातून दोनदा सुगराबी त्यांना धरून आणायची, पट्टी सोडवली जायची, तेव्हा ते दात आवळून छताकडे बघायचे. हे मी अडीच महिने पाहिलं. तोंड फिरवायची सोय मला नव्हती.

जखम भरली त्या दिवशी ताईंनी त्यांचा तळवा पेनानं दाबला. "कळतंय का?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई, मॅडम. पायाखाली उशी बांदल्यासारकं हाय. मशीन कुठं चाललंय तेच कळत न्हाई." मग हसायचा प्रयत्न करत ते म्हणाले, "माजं नशीबच तसं. तुमी तरी काय करणार?"

कोपऱ्यात ट्रे पुसत असलेले ज्ञानूमामा उठले. "नशीब न्हवं, बशीरभाई. म्या केलंय," ते म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. कुंकू, घासणी, वाफेची थाप. शेवटी म्हणाले, "नोकरी जाईल म्हून तवा तोंड उघडलं न्हाई."

सुगराबीनं पदर तोंडाला लावला. बशीरभाईंनी मला मागून घेतलं आणि माझ्या काचेवरून अंगठा फिरवला. शिंप्याचा अंगठा तो, त्याला ओरखडे लगेच लागले.

"सुईच्या टोकाला एवढं आलं तरी म्या ती फेकून देतो," ते म्हणाले. "माज्या झुलीला चालत न्हाई ते माज्या पायाला चाललं व्हय रं?"

मामा खाली बघत राहिले. मीही राहिले असते.

नेमका तेव्हाच धैर्यशील नवं मॉडेल दाखवायला आला. मला बशीरभाईंच्या हातात बघून तो खुशीत म्हणाला, "ही आम्ही बदल्यात परत घेऊ. काच बदलली की नव्यासारखी. साताऱ्यात एक दवाखाना वाट बघतोय."

"घेणाऱ्याला काय सांगणार?" बशीरभाईंनी विचारलं.

"काय सांगायचं? काच नवी असणार."

"धुणारा बी नवाच आसंल की. त्याला कोण सांगणार?"

बशीरभाईंनी ड्रेसिंगची रुंद चिकटपट्टी मागितली. मला मांडीवर घेऊन त्यांनी पट्टीवर पेनानं सावकाश लिहिलं आणि ती माझ्या पेटीवर डकवली. शिवांजलीताईंनी वाचली. त्यांचे डोळे भरून आले. "माझंही चुकलं, बशीरभाई," त्या म्हणाल्या. "काचेबद्दल शंका आली होती, तरी मी पुढे गेले." मग धैर्यशीलकडे वळून म्हणाल्या, "ही पट्टी निघाली तर तुमची नवी दुर्बीण या दारातून आत येणार नाही. आणि त्या आठ पानांचं मराठी करून तुम्ही स्वतः मामांना वाचून दाखवायचं. आजच."

आता मी साताऱ्यात असते. काच नवी आहे, काम चांगलं चाललंय. माझी कुणी स्तुती करू लागलं, तर ऐकवत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत उपयोगाच्या वस्तू असतील. त्यांना नमस्कार जरूर करा, पण त्या धुणाऱ्या माणसाला आधी नीट शिकवा, आणि त्याच्या हातून चूक झाली तर ती सांगायची भीती त्याला वाटू देऊ नका. माझ्या बाबतीत ही सोय कुणी केली नव्हती, म्हणून ती एका शिंप्याला करावी लागली.

इथं मला धुणारी सुलाबाई आहे. ती रोज पाण्याचा नळ सोडायच्या आधी पेटीवरची पट्टी मोठ्यानं वाचते, आणि रोज माझी मान खाली जाते.

"हिची काच खराब झाली आणि माझा पाय बधिर झाला. हळू धुवा. चुकलं तर लगेच सांगा. तुमचा, बशीर शिंपी, विटा."