स्टेजवरचं गाऱ्हाणं

सर्वेश परबच्या बँडचं नाव ‘खळं’. गिटार त्याची, सॅक्सोफोन अनुपमाचा, ड्रम विकीचे. गायक त्यांच्याकडे टिकलाच नाही. एकाला मालिकांची शीर्षकगीतं मिळाली, दुसरा भांडून गेला. मग तिघांनी ठरवलं, शब्दांवाचून वाजवायचं. दशावतारातल्या पेटीच्या चाली, त्यावर अनुपमाचा जॅझ, आणि विकी पत्र्यावर, साखळीवर, हाताला येईल त्यावर जे वाजवील ते. ऐकायला मोजकी माणसं यायची, त्यातली निम्मी ओळखीची.

तालमीला मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतला एक गाळा होता. तो सर्वेशच्या वडिलांनी मिळवून दिला. राजाराम परबांची नोकरी त्याच इस्टेटीत झाली, पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या कारखान्यात. आता ते दहिसरला घरी असत, पण मालकांशी बोलणं तुटलं नव्हतं. गाळ्यात सामान लागलं त्या दिवशी ते नारळ घेऊन हजर झाले.

“नवी जागा आसा. गाऱ्हाणां घालूक होया,” ते म्हणाले.

कणकवलीकडच्या त्यांच्या गावात देवळात गाऱ्हाणं घालायचा मान परबांचा. नारळ ठेवायचा, देवाला हाक मारायची, जमलेल्यांची दुखणीखुपणी त्याच्या कानावर घालायची, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. राजारामांनी ड्रमपुढे नारळ ठेवला, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, ही जी काय तुझी लेकरां हयसर जमली हत, तेंच्या हातान काय चुकला माकला आसात तर पदरात घे. ह्या चेडवाच्या फुफ्फुसात बळ दी, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सर्वेश सवयीने म्हणाला.

ते चेडू म्हणजे अनुपमा, घाटकोपरची. तिला मालवणीचं एक अक्षर कळत नव्हतं. पण तो चढत जाणारा आवाज ऐकून तिने सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि त्याच्याखाली एक लांब सूर धरला. राजाराम थांबले नाहीत. उलट त्यांना आणखी मागणी सुचत गेली. त्यांनी शेजारच्या गाळ्यातल्या कामगारांसाठी मागितलं, विकीच्या बंद पडलेल्या स्कूटरसाठीही मागितलं. संपलं तेव्हा विकी काठ्या खाली ठेवून म्हणाला, “काका, तुम्ही आमच्याबरोबर या यार. हेच पाहिजे होतं आपल्याला.”

राजाराम आले. अंधेरीतल्या एका छोट्या क्लबात ते पहिल्यांदा स्टेजवर चढले, पांढरा सदरा आणि टोपी घालून. दरवेळी गाऱ्हाणं वेगळं असे, कारण दरवेळी माणसं वेगळी असत. लोक लवकरच ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला शिकले. वर्षभरात अशी गत झाली की आयोजकाचा फोन आला की पहिला प्रश्न ‘काका येणार ना?’ हाच. तिघांनी रक्त आटवून बसवलेल्या बाकीच्या रचना लोक गप्पा मारत ऐकत आणि काका आले की मोबाईल वर काढत.

सर्वेशला ते टोचायचं. पण त्याहून जास्त दुसरंच टोचायचं. स्टेजवरून त्याला पहिल्या रांगा दिसत. हातात ग्लास घेतलेली पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारत ओरडायची, बाबांसारखे हात जोडून डोळे मिटायची आणि खिदळायची. बाबांचे डोळे खरोखर मिटलेले असत. त्यांना फक्त आवाज ऐकू यायचा. घरी जाताना ते म्हणत, “केवढी माणसां रे. गावच्या देवळात इतकी जत्रेक पण नसतत.” सर्वेश गिटार या खांद्यावरून त्या खांद्यावर घेई. आपल्याला लाज वाटते ती त्या पोरांची की बाबांची, हे त्याचं त्यालाच नीट कळत नव्हतं.

मुलुंडला एका मैदानावर खाद्यमहोत्सव होता. रविवार, दुपारी चारची वेळ, ऊन अजून उतरलं नव्हतं. ‘खळं’चा कार्यक्रम रंगला आणि शेवटी राजाराम माईकपुढे आले. अनुपमाने तिचा सूर धरला. मैदानाला राखण मागून झाली, स्टॉलवाल्यांना बरकत मागून झाली. मग त्यांचा आवाज जरा खाली आला.

“बा देवा म्हाराजा, माझ्या घरकारणीच्या छातीत गाठ गावली हा. मंगळवारी डॉक्टर सुई घालून बघतले. ती गाठ साधी निघांदे, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मैदान गर्जलं. कुणीतरी शिट्टी मारली. विकीने जोरात झांज वाजवली, अनुपमाचा सॅक्सोफोन वर गेला आणि पुढची पोरं नाचायला लागली.

सर्वेशचा हात तारांवर तसाच राहिला. आईच्या छातीत गाठ आहे हे त्याला त्या क्षणी कळलं. सकाळीच तिने त्याला घावणे करून वाढले होते आणि शर्टाचं बटण लावून दिलं होतं.

स्टेजमागे त्याने बाबांना गाठलं. “मला का नाही सांगितलंत?”

“तुझा रेकॉर्डिंग चालला हा. तुझी आवस म्हणाली, मंगळवारपर्यंत गप रव्हा. तुका सांगूक जीभ उचलेना.”

“मला सांगायला जीभ उचलत नाही आणि इथे माईकवर सांगता?”

“हयसर लोकांका थोडाच सांगतंय? देवाक सांगलंय. इतकी माणसां व्हय म्हणाली. देवाक आयकूचाच लागतला.”

त्यांच्या चेहऱ्यावर खरंच हलकं झाल्याचं दिसत होतं. ते पाहूनच सर्वेशचा तोल गेला. “ती माणसं व्हय म्हणत नव्हती, बाबा. ती हसत होती तुम्हाला. दरवेळी हसतात. आई तिकडे मरणाच्या भीतीने बसलीय आणि लोक तिच्या गाठीवर नाचले.”

राजारामांनी टोपी काढली. घाम पुसला. ती परत डोक्यावर घालायचं त्यांना सुचलं नाही. टोपी हातात धरूनच ते गाडीत जाऊन बसले.

मंगळवारी सुई घालून झाली. रिपोर्ट यायच्या आधीच मुलुंडच्या त्या कार्यक्रमाचा तुकडा कुणीतरी इंटरनेटवर टाकला. नेमका तेवढाच: गाठ, शिट्टी, नाच. तो मोबाईलवरून मोबाईलवर फिरत कणकवलीला पोचला. तिथून सर्वेशच्या आईला, शकुला, तिच्या नणंदेचा, द्रौपदीचा, फोन आला.

फोन ठेवून शकु स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती रडली नाही. नवऱ्याकडे बघून म्हणाली, “अहो, माझं दुखणं होतं ते. माझ्या पोराला मी सांगायचं होतं. तुम्ही त्याची वरात काढलीत.”

राजाराम खाली मान घालून बसले. सर्वेशला वाटलं, आपण बाबांच्या बाजूने काहीतरी बोलावं. पण बोलायचं ते तो आधीच बोलून बसला होता.

संध्याकाळी तो गाळ्यात गेला. विकी खुशीत होता. “बघितलंस? आपली कुठलीच क्लिप एवढी चालली नाही. गाजलो आपण.”

सर्वेशने त्या ओळींचा अर्थ सांगितला. विकीने मोबाईल खाली ठेवला. अनुपमा खाली बसली. “मी त्यावर वर गेले रे,” ती हळू म्हणाली. “मला वाटलं, काका आनंदाचं काहीतरी सांगतायत.”

“आपल्या पेजवर मीही टाकलीय, ती काढतो,” थोड्या वेळाने विकी म्हणाला. “पण बाकी लोकांनी टाकल्यात त्या कशा काढणार? आणि खरं सांगू, कुणाला कळतंय यार मालवणी?”

“माझ्या आईला कळतं,” सर्वेश म्हणाला.

विकीने क्लिप काढली. नंतर महिनाभर कामं येत राहिली, आयोजक ‘काका येणार ना’ विचारत राहिले, आणि सर्वेश नाही म्हणत राहिला. मग विकीने दुसऱ्या एका बँडबरोबर वाजवायला सुरुवात केली. भांडण असं झालं नाही. त्याचे ड्रम मात्र एक दिवस गाळ्यातून गेले.

गाठ साधी निघाली नाही. पण वेळेत सापडली, असं डॉक्टर म्हणाले. शकुचं ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. रिक्षा, रांगा, उलट्या, सगळं राजाराम करत होते. रात्री तिचे पाय चेपून देत. दोघांमध्ये बोलणंही पूर्ववत झालं, भाजीचं, औषधाचं. पण गणपतीत इमारतीतले लोक गाऱ्हाण्याला बोलवायला आले तेव्हा राजाराम म्हणाले, घसा बसलाय.

त्यांचा घसा ठणठणीत होता. लोक गेल्यावर सर्वेश त्यांच्याजवळ बसला. “बाबा, मी त्या दिवशी रागात बोललो.”

“खरां ताच बोललंस.”

“सगळेच हसत नव्हते.”

“आसात.” राजारामांनी खिडकीबाहेर बघितलं. “पण आता डोळे मिटलंय काय माका ती पोरां दिसतत. देव दिसना. मग कोणाक सांगू?”

दिवाळीनंतर अनुपमा शकुला भेटायला आली. येताना शहाळी आणली होती. शकुने डोक्याला रुमाल बांधला होता, पण त्या दिवशी तिला बरं वाटत होतं. तिने अनुपमाच्या खांद्यावरची सॅक्सोफोनची पेटी बघितली आणि म्हणाली, “ते तुझं काय ते वाजव गं. जवळून कधी ऐकलं नाही मी.”

अनुपमाने सर्वेशकडे बघितलं. मग आवाज दाबून तिने एक साधी चाल धरली, काका स्टेजवर यायच्या आधीच्या दिवसांतली. शकु डोळे मिटून ऐकू लागली.

राजारामांनी पिशवी उचलली. “दूध आणतंय,” ते म्हणाले आणि बाहेर पडले. फ्रिजमध्ये दूध होतं.

सर्वेश क्षणभर उभा राहिला. मग चपला घालून मागोमाग गेला. बाबा डेअरीच्या उलट्या बाजूला, दहिसर नदीकडे चालले होते. त्याने त्यांना गाठलं आणि शेजारून चालू लागला. नदीचा वास येत होता, पलीकडच्या टॉवरचं काम चालू होतं.

“डॉक्टर म्हणाले, तिका पेज दी,” अखेर राजाराम म्हणाले. “उकडे तांदूळ संपलेत घरात.”

“चला, घेऊया,” सर्वेश म्हणाला, आणि दोघं बाजाराच्या रस्त्याला वळले.