शिवेवरचं ढेकूळ

आमच्या खुशालला काही रीतच राहिली नाही. गावचा पाटील हा, माझ्या पोटचा, आणि मोजणीवाल्यांच्या तंबूत मांडी घालून बसला. बाहेर शिवेवर म्हातारा जागल्या उन्हात ताटकळतो आहे, त्याचं काही नाही.

मोजणीवाले अकोल्याहून आले होते. आमच्या आणि विधवा पार्बताबाईच्या शेतामधली शीव नाल्यापाशी वाकते. त्यांनी साखळी ओढली ती सरळ, आणि पार्बताबाईची चार ओळी कापसाची पऱ्हाटी आमच्याकडे आली. दूर कुठे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस अडलेला, त्यामुळे अमरावतीच्या बाजारात कापसाला कधी नव्हता तो भाव. तिचं शेत मुळात केवढंसं!

तिने गावाची राखण करणाऱ्या जागल्या नत्थुजीला बोलावलं. शिवेचा तंटा झाला की जागल्यानं मातीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन खरी शीव चालायची. खोटं चालला तर त्याच्या लेकराबाळांना भोवतं. पाटलानं ‘मानलं’ म्हणेपर्यंत ढेकूळ उतरवायचं नाही.

नत्थुजी ढेकूळ घेऊन, शीव वाकते तसा नाल्याकडे वळून चालला. बरोबर चालला. मोजणीचा कारकून हसला, “हे कागदात बसत नाही,” म्हणाला, आणि खुशाल ‘मानलं’ न म्हणताच त्याच्यामागे तंबूत गेला.

मी तंबूच्या दारात जाऊन उभी राहिले.

“काहून रे, म्हातारा वाळून राहिला तिथं. म्हण ना मानलं!”

“माय, आता सायबाचा कायदा हाये. मानलं म्हटलं तर नकाशा खोटा पडते.”

“अन् नाई म्हटलं तर नत्थुजी खोटा पडते. तुया बापाले सारी शीव त्यानंच दाखोली.”

“चार ओळी हायेत माय, या भावाच्या. कायले सोडू?”

मी शिवेवर गेले. नत्थुजीची मान थरथरत होती. घामाबरोबर माती भुवयांपर्यंत उतरली होती.

“दूर राहा, मायबाई. इटाळ होईन.”

“होऊ दे.” दोन्ही हातांनी ढेकूळ उतरवून मी पदरात घेतलं. “मानलं.”

“बाईमान्साचं मानलं चालते का?” नत्थुजीनं विचारलं.

“आज चालते.”

खुशाल मागून धावत आला. “माय, लोक पाहून राहिले!”

“पाहू दे. चार ओळी तुले भेटल्या, खुशाल. तुयं ‘मानलं’ मागाले आता कोनी येनार नाई.”