कपाटातलं बदक

मी बदक आहे. कायमस्वरूपी नाही, कंत्राटी. लहान मुलांच्या व्हिडिओंमध्ये पकपकराव नावाचं एक पिवळं बदक असतं, डोक्यावर टोपी आणि अंगात दुसरं काहीच नाही, त्याचा आवाज माझा. खरं तर गाढवाचा आवाज मी जास्त चांगला काढतो, पण गाढवाची जागा आधीच भरली होती.

पकपकराव मुलांना शिकवतो. म्हणजे विचारतो, "लाल फुगा कुठंय बरं?" आणि गप्प बसतो. पडद्यावर त्याचे डोळे इकडून तिकडे फिरतात, तेवढ्यात मी मनातल्या मनात तीनपर्यंत मोजतो आणि म्हणतो, "बरोब्बर, शाब्बास." समोरच्या पोराने लाल फुगा दाखवला, निळा दाखवला, की पायाचा अंगठा तोंडात घातला, बदकाला त्याचा पत्ता नसतो. नवीन होतो तेव्हा मी दिग्दर्शकाला विचारलं होतं, उत्तर चुकलं तर काय म्हणायचं.

"शाब्बास."

"आणि उत्तरच आलं नाही तर?"

"तरी शाब्बास. आपण कुणाला नाउमेद करत नाही."

मला हे धोरण फार आवडलं. मी शाळेत असताना असं एखादं बदक वर्गावर असतं, तर मी आज कुठल्या कुठे असतो.

सध्या मी ताईकडे राहतो आणि तिच्या कपड्यांच्या कपाटात काम करतो. हे विनोदाने म्हणत नाही. कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही, त्यामुळे भावोजींच्या जाड कोटांच्या मधोमध उभं राहून, हँगरला रेकॉर्डर टांगून, कपाळाला विजेरी बांधून मी दार ओढून घेतो आणि बदक होतो. आत हात लांब करता येत नाहीत. मान वळवली की एक बटण डोळ्यात जातं. घामाचा आणि डांबरगोळ्यांचा मिळून एक वास येतो, तो आता माझाच झालाय. भावोजींना एकदा ऑफिसात कुणीतरी विचारलं, तुमच्या कोटाला बिस्किटांचा चुरा कसा लागलाय. भावोजी म्हणाले, मेहुणा राहतो त्यात.

ताई आणि भावोजी दोघंही नोकरीला जातात, त्यामुळे दिवसभर ढब्बू माझ्या ताब्यात. ढब्बू म्हणजे माझी भाची, अडीच वर्षांची, गोल, गंभीर, एखाद्या निवृत्त न्यायाधीशासारखी. मी कपाटात नवे भाग रेकॉर्ड करायचो, ती बाहेर पलंगावर बसून मोबाइलवर जुने भाग बघायची. आत बदक, बाहेर बदक, मध्ये शांतता. ती पकपकरावाबरोबर जेवायची, पकपकरावाबरोबर आंघोळ करायची, पकपकराव बघताबघता तिची नखं कापून व्हायची. शेजारीण म्हणायची, "काय गुणी पोर आहे, आवाज म्हणून नाही." आम्हालाही कौतुक वाटायचं. आवाज म्हणून नाही, यात काळजी करण्यासारखं काही असेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

ढब्बू बोलत नव्हती. "माझा दीरही उशिराच बोलायला लागला," ताई म्हणायची. "आणि मग थांबलाच नाही," भावोजी म्हणायचे. पण गोष्ट नुसती बोलण्याची नव्हती. "पाणी हवं का?" असं विचारलं की ढब्बू जागच्या जागी थिजायची. तुमच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघायची. मग स्वतःसाठी टाळ्या वाजवून निघून जायची. पाणी तुमच्या हातात तसंच. नकोशी वस्तू समोर आली की एका बोटाने ती डावीकडे सरकवायची. पडदा, वर्तमानपत्र, आणि एकदा भावोजींचा गाल. भावोजी सरकले नाहीत, याचं तिला मनापासून आश्चर्य वाटलं.

शेवटी आम्ही सगळे तिला घेऊन स्पीच थेरपिस्टकडे गेलो. बाईंनी कान तपासल्याचे कागद बघितले, कान ठणठणीत होते. त्यांनी ढब्बूपुढे लाकडी ठोकळे मांडले आणि विचारलं, "लाल कुठला?" ढब्बू थिजली. मग तिने टाळ्या वाजवल्या.

"हे ती कुठे शिकली?" बाईंनी विचारलं.

मी छतावरचा पंखा बघू लागलो.

"घरी दिवसभर तिच्याजवळ कोण असतं?"

"मामा असतो," ताई म्हणाली.

"मामा काय करतात?"

"बदक आहे तो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग मला ते सगळं करून दाखवावं लागलं, फुगा, डोळे, तीन आकडे, शाब्बास. इतक्या शांततेत मी कधीच काम केलं नव्हतं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तिच्या हिशेबाने प्रश्न म्हणजे थोडं थांबायचं, मग कौतुक आपोआप होतं. आपण काहीतरी केल्याशिवाय समोरचा पुढे जात नाही, हे तिला अजून कुणी जाणवूच दिलेलं नाही. शब्दांची घाई करू नका. तिने एकदा कुणाकडे तरी काहीतरी मागू दे. बोटाने, आवाजाने, कसंही. पण माणसाकडे."

त्या दिवसापासून घरात पडदाबंदी झाली. मोबाइल एका डब्यात घालून डबा फ्रिजवर. टीव्हीवर पांढरी चादर, त्यामुळे बाहेरच्या खोलीत कुणीतरी वारल्यासारखं वाटायचं, आणि आम्हीही तिथे हळू आवाजात बोलायचो. मला सक्त ताकीद मिळाली की ढब्बूशी माणसाच्या आवाजात बोलायचं. अडचण अशी की माणूस म्हणून तिची माझी ओळखच नव्हती. मी बोलायला लागलो की ती माझ्याकडे जाहिरातीकडे बघावं तशी बघायची, संपेल कधीतरी. एकदा न राहवून मी पकपकरावाचा आवाज काढला. ती धावत आली. माझ्या पाठीमागे बघितलं, खिसे उपसले, शर्ट वर करून पोट तपासलं. माझ्या तोंडाकडे मात्र बघितलं नाही.

ताई हे दारातून बघत होती. "मी तिला दिसते रे," ती म्हणाली, "पण खुर्ची दिसते तशी." आणि भांडी घासायला गेली. भांडी आधीच घासलेली होती.

तर त्या दिवशी ताई अर्ध्या दिवसाची रजा घेऊन येणार होती. ढब्बूला झोप लागली होती आणि माझा एक भाग राहिला होता, "पकपकराव आणि आकार". मी कपाटात शिरून दार ओढून घेतलं. हे दार आपोआप उघडायचं, म्हणून भावोजींनी त्याला बाहेरून खाली, गुडघ्याच्या उंचीवर, एक सरकती कडी बसवली होती. वरचं लाकूड पोकळ झालं होतं, स्क्रू धरत नव्हता. भावोजी एरवी हात राखून असतात, पण तेल घालताना नाही. कडी लोण्यासारखी चालायची.

मी त्रिकोणापर्यंत आलो होतो, तेवढ्यात बाहेर सर्र, टक असा आवाज झाला.

मी दार ढकललं. दार हललं नाही. ढब्बू उठली होती आणि तिला एका बोटाने सरकेल अशी एक वस्तू घरात सापडली होती. डावीकडे. परत उजवीकडे सरकवणं तिच्या रीतीत बसत नव्हतं, जे सरकलं ते संपलं.

"ढब्बू," मी म्हणालो, "कडी उघड."

काही नाही.

"ढब्बू बाळा, मामा आत अडकलाय."

पावलं धपधप लांब गेली. मोबाइल फ्रिजवरच्या डब्यात. रेकॉर्डरवरून फोन लागत नाही, तरी मी एकदा त्याच्याकडे आशेने बघितलं. भावोजींनी घरातल्या सगळ्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला होता, स्वयंपाकघराला फाटक होतं, बाल्कनीला जाळी. घरात पोरीला इजा होईल असं काही नव्हतं. पण ती एकटी होती, आणि तिला हाक मारायला माझ्याकडे एकच आवाज होता, ज्यावर बंदी होती.

मी बंदी मोडली.

"अरेच्चा," पकपकराव म्हणाला, "कडी कुठंय बरं?"

पावलं धावत आली. दाराखालच्या फटीतून मला तिच्या पायांची बोटं दिसली, दहाच्या दहा, माझ्याकडे तोंड करून. मी श्वास रोखला. आणि तीन आकडे होताच माझ्या तोंडाने, मला न विचारता, म्हटलं, "बरोब्बर, शाब्बास."

बाहेर टाळ्या वाजल्या. बोटं वळली आणि गेली.

मी कोंडला गेलो याबद्दल मी माझ्या भाचीला शाबासकी दिली होती. चार वर्षं ते वाक्य मी शिंकेसारखं बोलत आलोय, शिंक अडवणार कशी. मी पुन्हा विचारलं, "कडी कुठंय बरं?" बोटं आली. या वेळी मी भावोजींच्या कोटाची बाही दातात धरली. शाब्बास बाहीत गेलं, पण थोडंसं बाहेर सांडलं असावं, कारण एक टाळी वाजली. अर्धवट, शंका आल्यासारखी.

तिसऱ्यांदा विचारलं आणि बाही घशापर्यंत कोंबली.

तीन आकडे झाले. बाहेर शांतता. बोटं तशीच. आणखी थोडा वेळ गेला. उजव्या पायाचा अंगठा वर झाला, खाली आला. तिला वाटलं असावं, बदक अडकलं. नेट गेलं की तसं व्हायचं, पण तेव्हा बोटांनी काहीतरी करता यायचं, इथे दाबायला काही नव्हतं. तिने दारावर एक थाप मारली. मग दोन्ही हातांनी. मग ती रडायला लागली, अगदी पोटातून, आणि मी एका रडणाऱ्या मुलाला शाब्बास म्हणायचं नाही म्हणून अंधारात लोकर चघळत होतो. विजेरी कधीच मंदावली होती. गुडघे दाराला टेकलेले, पाठ मागच्या फळीला, हँगरचा आकडा मानेत. मला माझ्याच वागण्याची किळस आली. एक शब्द बोललो असतो तर ती हसली असती आणि निघून गेली असती. आणि ताई आयुष्यभर खुर्ची राहिली असती.

मी गप्प राहिलो.

रडणं हळूहळू कमी झालं. नाक ओढल्याचा आवाज आला. मग धप्प, आणि फटीतली बोटं गेली. त्या जागी केस आले, कान आला, आणि मग एक डोळा. ती जमिनीवर झोपून आत बघत होती.

मला खाली वाकता येत नव्हतं, पण वाकलो. कोट हँगरसकट अंगावर आले. घडी घालत घालत मी गाल भावोजींच्या बुटावर टेकवला, तेव्हा कुठे फट माझ्या डोळ्यासमोर आली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. माझ्यामागे काय आहे ते शोधायला तिला जागाच नव्हती. एवढ्याशा फटीत मी सोडून बघण्यासारखं काही नव्हतं.

"बोल," ढब्बू म्हणाली.

स्पष्ट. आणि चिडून. पकपकरावाचा एकूण एक शब्द मी बोललोय, त्यात हा नाही. हा ताईचा होता. भावोजी तोंड मिटून बसले की ताई अगदी अशीच, याच त्रासलेल्या सुरात म्हणते. म्हणजे ताईही तिला ऐकू येत होती तर, इतके दिवस.

माझ्याकडे पुढची ओळ नव्हती. तोंडात लोकर होती. ती काढून मी माझ्या आवाजात म्हणालो, "काय बोलू?"

तिने डोळा मिचकावला. थांबली. मी मनात मोजायला लागलो आणि मग मोजणं सोडून दिलं. टाळ्या आल्या नाहीत.

"बोल."

मग मी बोललो. सांगितलं की हा तुझ्या बाबांचा बूट आहे, याला फार वास येतो. "बोल." सांगितलं की माझा एक हात कुठे गेलाय ते मला माहीत नाही. "बोल." त्रिकोणाला तीन बाजू असतात, चौथी लावायला गेलात तर तो रागावतो. तिने बोट फटीत घातलं. मला वाटलं आता मला डावीकडे सरकवणार. पण बोट तिथेच राहिलं, नाकाला टेकून. ते चिकट होतं, केळ्याचं असावं. कडी उघड, हे मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं. मला सुचलं नाही.

बाहेरचं दार वाजलं, किल्ल्या टेबलावर पडल्या.

"कुठंय रे तू?" ताईचा आवाज.

"कपाटात."

"परत बदक?" ती भडकलीच. "काय सांगितलं होतं तुला बाईंनी?"

"बदक नाही. मीच आहे. कडी लागलीये बाहेरून."

"देवा रे. थांब, उघडते."

"उघडू नकोस."

"काय?"

"नको उघडू, ताई. अजिबात हात लावू नकोस."

"डोकं फिरलंय का तुझं? आणि ही अशी जमिनीवर का पडलीये? ढब्बू, ऊठ सोन्या, गार आहे फरशी."

फटीतलं बोट गेलं. डोळा वळला, वर, ताईच्या दिशेने, आणि तिथेच थांबला. मला फक्त कान दिसत होता.

"बोल," ढब्बू तिला म्हणाली.

मग एक पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला, फार सावकाश, आत अंडी असल्यासारखा. ताईचे गुडघे दिसले, मग कोपर, मग ती ऑफिसच्या कपड्यांत फरशीवर आडवी झाली आणि फटीत एका डोळ्याचे तीन झाले. तिचे दोन्ही भरले होते.

"काय बोलू गं?" तिने ढब्बूला विचारलं.

ढब्बू वाट बघत राहिली. आता तिला घाई नव्हती.

"ऑफिसात आज लिफ्ट बंद होती," ताई म्हणाली.

"बोल."

"मग मी जिने चढून गेले."

माझा डावा पाय केव्हाच बधिर झाला होता, आणि मानेतला हँगर हळूहळू आत शिरत होता. मी हलकेच म्हणालो, "ताई, एक विचारू?"

"तू गप्प बस रे," ताई म्हणाली, "आमचं बोलणं चाललंय."

भावोजी यायला अजून बराच अवकाश होता.