मायचा निकाल

नवलच्या डोक्यातला साहेब फार शुद्ध बोलायचा. ‘बटण लावा.’ ‘ताठ बसा.’ ‘तुमच्याने काही होणार नाही.’ पाचोऱ्याच्या त्या गल्लीत इतकं स्वच्छ मराठी कोणीच बोलत नव्हतं, तेव्हा साहेब खोटा आहे हे ओळखणं तसं सोपं असायला हवं होतं. पण दुखणं भरात होतं तेव्हा नवल त्याला शोधत पहूरपर्यंत चालत गेला आणि पायभर फोड घेऊन परत आला. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी दुखण्याचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. नवलच्या मायला, म्हणजे ताईबाईला, ते काही उच्चारता आलं नाही, पण गोळ्यांच्या वेळा मात्र तिला हरिपाठासारख्या पाठ झाल्या.

गोळ्यांनी साहेबाची रग जिरली. हळूहळू तो कधीमधी यायचा, दाराशी खाकरायचा आणि निघून जायचा. बाकी एक नियम डॉक्टरीणबाईंनी घालून दिला होता. बोलणारं तोंड दिसत नसेल तर आवाजामागे धावायचं नाही. आधी भरवशाच्या माणसाला विचारायचं.

भरवशाचं माणूस म्हणजे माय. नवल विचारायचा, “माय, तुले काही ऐकू येस का?” ती म्हणायची, “येस.” मग आवाज खरा. ती म्हणायची, “नई.” मग खोटा, आणि नवल मुकाट्याने आपल्या कामाला लागायचा. ताईबाईला या अधिकाराचा भारी तोरा होता. भाजी निवडता निवडता ती असा निकाल द्यायची की वर अपील नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात बन्सीलालने घोळ घातला. बन्सीलालचं कोपऱ्यावर मोटार वायंडिंगचं दुकान. नवल आजारी पडण्याआधी वायरमनचं शिकलेला. शेतातली पंपाची मोटार चालू करून नुसती ऐकली की तिचं काय बिघडलंय ते त्याला समजायचं. बन्सीलाल म्हणाला, “माणूस पाहिजे मला, पण कानाचा. आखाजीच्या सांजेला घरी येतो. हो की नाही, एकदाच सांग.”

नवलला त्या रात्री आनंदाने जेवण गेलं नाही. इतक्या वर्षांत कोणीतरी त्याच्याकडे काम मागायला आलं होतं, काळजी करायला नव्हे.

आणि नेमके तेव्हापासून आवाज वाढले.

भरदुपारी रस्त्यावरून कोणीतरी “ए नवलऽ” म्हणून हाक मारी. नवल विचारी. माय म्हणे, “नई.” कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत. माय म्हणे, “नई.” पुरणाची डाळ करपली तेव्हा ताईबाईने कुकरला आणि तो विकणाऱ्याला इतक्या शिव्या दिल्या की शिट्टीचा विषयच बाजूला राहिला. दाराची कडी वाजे. “नई रे भाऊ.” नवल धास्तावला. पूर्वी एकटा साहेब होता, आता बिऱ्हाडच राहायला आलं होतं. शिवाय हे नवे आवाज साहेबासारखे शुद्ध नव्हते, चक्क घरच्यासारखं बोलत. दुखणं मुरलं, असाच अर्थ त्याने लावला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. नवल तर पाणीही फुंकायला लागला होता. आखाजीच्या सांजेला बन्सीलालला ‘नाही’ म्हणायचं, त्याने मनाशी ठरवून टाकलं. ज्याच्या कानांचा भरवसा नाही त्याने मोटारी काय ऐकायच्या?

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस उजाडला. नवल स्वयंपाकघरात आंबे पिळत बसला होता आणि मागच्या भिंतीपलीकडून एकदम बायकांचं गाणं सुरू झालं. एक नाही, दोन नाही, पंधरावीस बाया! त्याच्या हातातली कोय निसटली.

“माय, गानं ऐकू येस का तुले?”

ताईबाईने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. “नई.”

“इतल्या बाया गायी ऱ्हायन्यात!”

“बठ्ठं खोटं शे. तू रस काढ.”

आता गाण्यातून हाकही आली. “भाऊऽ, ओ भाऊऽ!” हा तर मेघाचा आवाज. मेघा, धाकटी बहीण, धुळ्याला दिलेली, सणाला माहेरी यायची होती ती संध्याकाळच्या गाडीने.

“मेघा हाका मारी ऱ्हायनी, माय.”

“मेघा सांजले ई,” माय ठामपणे म्हणाली, आणि पदराने त्याचा घाम पुसला.

नवलने रसाचं पातेलं बाजूला सारलं. डोळ्यांत पाणी आलं. बहिणीचा आवाजही आता दुखण्याने पळवला होता. त्याने फोन उचलला. डॉक्टरीणबाईंना सांगायचं, गोळी वाढवा. मग बन्सीलालला.

तोच दार धाडकन उघडलं आणि एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चप्पल घेऊन मेघा आत आली. पहिलीच गाडी मिळाली होती; गल्लीच्या तोंडाशी बायांनी तिला धरून घरामागच्या निंबाच्या झोक्यावर नेऊन बसवलं होतं, घरीही येऊ दिलं नव्हतं.

“भाऊ, बहिरा व्हयना का रे तू? कवयनी हाका मारी ऱ्हायनू मी!”

नवलने तिला बोटाने टोचून पाहिलं. मेघाने त्याच्या हातावर चापट मारली. चापट खरी होती.

“गानं चालू शे का मांगे?” त्याने घाबरत विचारलं.

“मढं उठी बशी इतलं जोरमा चालू शे!”

दोघांनी एकाच वेळी मायकडे पाहिलं. ताईबाई अतिशय एकाग्रतेने आंब्याची साल पाहत होती. मेघा तिच्या पाठीमागे गेली आणि बेताच्या आवाजात म्हणाली, “माय, तुन्हं लुगडं चुलामा पडनं.” माय ढिम्म.

मग पुढे येऊन दोघांनी ओरडून विचारलं तेव्हा निकाल देणाऱ्या मायनेच कबुली दिली. कान दिवाळीपासूनच कमी होत चालले होते, आणि एवढ्यात तर पार गेले होते.

“मंग तू ‘नई’ कसं काय सांगे?” नवलने विचारलं.

“तू इचारस, मी तुन्हा ओठ दखीसन समजस, मंग तुन्हा तोंडकडे दखस. तू घाबरेल दिसना का मी ‘नई’ म्हनस.” तिने हातातली साल खाली ठेवली. “मी बहिरी शे हाई तुले कसं सांगू रे? मंग तू कोनले इचारशी?”

नवलला हसू आलं, मग रडू आलं, मग पुन्हा हसू. एवढे दिवस तो आवाजांना भीत होता आणि माय त्याच्या चेहऱ्याला. फोनवर डॉक्टरीणबाई आधी हसल्या. मग म्हणाल्या, गोळी आहे तेवढीच राहू दे, आणि पुढच्या खेपेला आईलाही घेऊन ये, कानाच्या डॉक्टरांकडे पाठवते.

सांजेला तिघं रसपोळी खात असताना रस्त्यावरून हाक आली.

“ए नवलऽ!”

सवयीने नवलची मान मायकडे वळली. पण माय त्याच्याआधीच त्याच्याकडे बघत होती, तो इतकी वर्षं तिच्याकडे बघायचा तशी, घास हातात धरून.

“कोनी हाक मारी का रे?”

मेघा काहीतरी बोलणार होती, पण तिने पोळीचा मोठा तुकडा तोंडात घातला.

“हो माय. बन्सीलालभाऊ शे.”

“खरं शे ना?”

“खरं शे,” नवल म्हणाला, आणि उठून त्याने अशी दणदणीत “ओऽ” दिली की ती ताईबाईलासुद्धा ऐकू आली.