आठ जानेवारीचा दिनविशेष

हेडसरांनी फळा उतरवला, त्या दिवसापासून वैजयंतीबाईंनी त्यांना माणसांत धरणं सोडलं.

फळा म्हणजे शाळेच्या दारातला, दिनविशेषाचा. शुक्रवार पेठेतल्या त्या शाळेत बाई एकतीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या आणि एकतीस वर्षं रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्या फळ्यावर लिहीत होत्या. आजच्या तारखेला कुणी काय शोधलं, कुठं, कोणत्या साली. दूध घेऊन निघालेली माणसं थांबून वाचायची. तीन पुस्तकांत तारीख जुळली तरच बाई खडू उचलायच्या, त्यामुळं एक तारीख कधी चुकली नव्हती. आणि हे आदिनाथ सर जूनमध्ये हेडमास्तर होऊन आले काय, आणि दिवाळीच्या सुट्टीत फळा काढून तिथं स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स लावला काय!

बाई तरातरा ऑफिसात गेल्या.

"सर, फळा कुठाय?"

"स्टोअरमध्ये ठेवलाय. बाई, आता सगळं डिजिटल. तुम्ही दिनविशेष आदल्या दिवशी मला मोबाईलवर पाठवत जा. परिपाठाला मी वाचतो."

"म्हणजे शोधायचं मी आणि मिरवायचं तुम्ही?"

"मुलांना कळल्याशी मतलब की, बाई."

मतलब म्हणे! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर आल्या तर शिपाई मल्लप्पा दारातच उभा. "सोडा की बाई," तो म्हणाला, "दीड वर्षानं तुमी रिटायर. कशाला डोस्क्याला ताप?"

"दीड वर्ष म्हणजे काय थोडं झालं? जा, घंटा दे!" बाई त्याच्यावरच खेकसल्या. बिचाऱ्याचा काय दोष, पण राग कुठं तरी निघायला पाहिजे ना.

दोन महिने बाईंनी दात-ओठ खात दिनविशेष पाठवले. सर माईकवर छाती काढून वाचायचे, निम्म्या शास्त्रज्ञांच्या नावांची वाट लावायचे, आणि वर पालक म्हणायचे, "हेडसरांचं वाचन लई दांडगं बरं का!" हे बाईंच्या कानावर आलं, त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मग कळलं, आठ जानेवारीला तपासणी. विस्तार अधिकारी परिपाठापासून हजर राहणार. तेव्हा बाईंच्या डोक्यात ते आलं.

आठ जानेवारी सोळाशे बेचाळीस, गॅलिलिओ गेला. पाठवायचं ते हे. पण सात तारखेला संध्याकाळी बाईंनी मोबाईल घेतला आणि लिहिलं: "आठ जानेवारी १७४२. डच शास्त्रज्ञ व्हान होल्ट यांनी दुर्बिणीतून चंद्राच्या पलीकडच्या बाजूचा पहिला नकाशा तयार केला." ना असा कुणी व्हान होल्ट, ना असा नकाशा. चंद्र पृथ्वीला कायम एकच बाजू दाखवतो. पलीकडची बाजू माणसानं पहिल्यांदा पाहिली ती १९५९ साली, यानानं काढलेल्या फोटोत. इथून दुर्बीण लावून ती दिसायची नाही, जन्मात नाही. सातवीला बाईंनी हा धडा महिन्यापूर्वीच शिकवला होता. सरांनी वाचलं की पोरं हसणार, अधिकारी कपाळाला हात लावणार, आणि फळा मुकाट्यानं दारात परत येणार. पाठवताना बाईंचा अंगठा जरासुद्धा अडखळला नाही.

सकाळी सरांनी वाचलं. जोरात, दोनदा.

बाईंनी सातवीच्या रांगेकडं पाहिलं. कुणी हसलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अधिकाऱ्यांनीसुद्धा वाजवल्या आणि "वा, अगदी वेगळी माहिती!" म्हणाले. आपलीच पोरं, आणि एकाच्याही डोक्यात उजेड पडू नये? तिथंच गप्प बसल्या असत्या तर निभावलं असतं. पण दोन महिन्यांचा राग गप्प बसू देतोय होय!

"सर," त्या रांगेतून पुढं आल्या, "चंद्राची पलीकडची बाजू इथून दिसते का हो?"

सर गडबडले. "म्हणजे... आता दुर्बिणीतून..."

"दिसत नाही! सातवीच्या पुस्तकात आहे. मुलांनो, हे साफ खोटं आहे. हेडसरांनी न तपासता वाचलं!"

सरांचे कान लाल झाले. बाईंना वाटलं, जिंकले. सरांनी खिशातून मोबाईल काढला आणि अधिकाऱ्यांपुढं धरला.

"साहेब, हे बाईंनीच पाठवलंय."

"हो, मीच पाठवलं," बाई ताठ मानेनं म्हणाल्या. "मुद्दाम पाठवलं. यांना किती कळतं ते दिसावं म्हणून."

"मुद्दाम?" अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "अहो बाई, पाचशे मुलांना?"

सर माईकपासून बाजूला होऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, तुमचं माझं पटत नाही, मान्य. मला विज्ञान कळत नाही, तेही मान्य. पण एकतीस वर्षांत तुमची एक तारीख चुकली नाही, हे मी रुजू झालो त्या दिवसापासून ऐकतोय. तुमचं नाव दिसलं म्हणून मी तपासलं नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर तपासलं असतं."

ह्या माणसानं शिव्या दिल्या असत्या तर बाईंनी सव्याज परत केल्या असत्या. त्या मागं फिरून रांगेत गेल्या. राष्ट्रगीत झालं, रांगा वर्गात गेल्या.

दुसरा तास सातवीवर होता. बाई वर्गात शिरल्या, "बसा," म्हणाल्या आणि पाठ फिरवून फळ्यावर लिहू लागल्या: ध्वनीला प्रवास करायला माध्यम लागतं, निर्वात पोकळीतून तो जात नाही. रोज मागं पानांची सळसळ सुरू व्हायची, पेनं उघडायची. आज आवाज आला नाही.

बाई वळल्या. चाळीस पोरं फळ्याकडं बघत होती. वह्या मिटलेल्या.

"लिहा की," बाई म्हणाल्या.

कुणी हललं नाही. पहिल्या बाकावरची श्रावणी, जी कधी एक शब्द गाळायची नाही, ती हळूच उभी राहिली. उद्धटपणा नव्हता तिच्या तोंडावर, पोर उलट घाबरली होती.

"बाई," ती म्हणाली, "हे खरं आहे ना?"