चार ठोक्यांची जागा

गाण्याची गती विचारणारा चौकोन लॅपटॉपवर उघडला आणि शिवरामांना जोतीरामचं पत्र आठवलं. निळं अंतर्देशीय, अकरा महिन्यांपूर्वी आलेलं, अजून उत्तर न दिलेलं. ‘वहिनी गेल्याचं कळलं. त्यांच्या गाण्याची कॅसेट तुझ्याकडे असेल. मला बोलाव, मी साथ करीन. फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितोय. हात अजून चालतात, किती दिवस चालतील ते सांगता येत नाही.’

“बाबा, नंबर सांगा,” अक्षता म्हणाली. “मिनिटाला किती ठोके ते. त्याशिवाय हे पुढं सरकत नाही.”

शिवरामांनी स्वच्छ चष्मा पुन्हा पुसला. “तूच ठरव.”

“मी ठरवायचं, तर गाण्याला नाव पण माझंच लावा.”

न्हावा शेव्याच्या कस्टम एजंटाकडे आठवडाभर कागद रेटून ही लेक सलग तिसऱ्या रविवारी करंजाड्याला आली होती. पुढच्या रविवारी तिच्या आईचा, बयाबाईचा पहिला स्मृतिदिन. सोसायटीच्या हॉलमध्ये नातेवाईक येणार, पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यातली जुनी माणसं येणार, आणि बयाबाईचं गाणं लावायचं असं शिवरामांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गाणं एकच उरलं होतं. कारखान्याच्या कँटीनमध्ये तीस वर्षांपूर्वी टेप केलेलं. कामगारांचा ऑर्केस्ट्रा होता तेव्हा. स्टोअरमधले शिवराम गाणी लिहायचे आणि पेटी धरायचे, पॅकिंगमधली बयाबाई गायची, बॉयलरवरचा जोतीराम ड्रम वाजवायचा. कॅसेटवर मात्र पेटी आणि आवाज एवढंच होतं. ड्रमशिवाय ते गाणं रिकाम्या घरात कुणी एकटंच गुणगुणावं तसं वाटे. तसं ते चार लोकांत लावायला त्यांना नको होतं.

म्हणून ही ड्रम वाजवणारी सॉफ्टवेअरं. खरा माणूस वाजवतोय असं वाटेल, असं प्रत्येकाच्या जाहिरातीत लिहिलेलं. पहिल्याचा ठोका भिंतीत खिळा मारल्यासारखा, एकसारखा. दुसऱ्याला एक बटण होतं, ते फिरवलं की ठोके जरा मागेपुढे पडत, पण तेही हिशोबाने चुकावं तसे. तिसऱ्यात कुणा परदेशी वादकाचे खरेखुरे ठोके साठवलेले होते. हा बरा होता. झांजेची थरथरसुद्धा विरत जाताना ऐकू यायची. फुकट चाचणीची मुदत बुधवारी संपणार होती. पण कडवं संपलं की तो पुढे निघून जाई आणि बयाबाई मागे राही. पुढच्या कडव्याला ती यायची तेव्हा ठोका भलतीकडेच असायचा.

अक्षताचं म्हणणं, आई लय सोडते, तिचाच आवाज थोडा ओढून ठोक्यावर बसवू, कुणाला कळणार नाही. विचारायच्या आतच तिने बसवून ऐकवलं. ओळीच्या शेवटी बयाबाईचा आवाज ताणला गेला आणि क्षणभर तो दुसऱ्याच कुठल्या बाईचा झाला. शिवराम उठून उभे राहिले. टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती.

“नको. होतं तसं कर.”

“केलं बाबा. बसा तुमी.”

ते बसले नाहीत. अजून एखादा ड्रमर असेल, शोध, विकतच घेऊन टाकू, असं घाईघाईने सांगत राहिले. पेन्शन आहे, सात दिवस आहेत, काहीतरी होईलच. स्वतःचंच बोलणं त्यांना खरं वाटत नव्हतं.

“मुलीला स्थळं बघितल्यासारखं चाललंय तुमचं,” अक्षता म्हणाली. “प्रत्येकात खोट.”

मग ती पडद्याकडे वाकली. आवाजाची रेघ तिथे डोंगरासारखी वरखाली होत होती, मधे मधे सपाट. तिने बोट ठेवलं. इथे, मग इथे, मग इथे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी सपाट जागा, आणि सगळ्या सारख्याच लांबीच्या.

“मोजून चार ठोके,” ती म्हणाली. “आई लय सोडत नाहीये, बाबा. थांबतेय. कुणासाठी?”

शिवरामांना मोजायची गरज नव्हती. कडवं संपलं की पेटी थांबे, बयाबाई ओठ मिटून उभी राही आणि ते चार ठोके जोतीरामचे असत. सगळ्या ड्रमांवरून फिरून तो झांजेवर आला, की मगच ती पुढचा शब्द घेई. शिट्ट्या तिथेच पडायच्या. कार्यक्रमाहून घरी जाणारी माणसं शिवरामांचे शब्द नव्हे, ते चार ठोके तोंडाने वाजवत जायची.

“जोतीरामसाठी,” ते म्हणाले.

“टेप केलं त्या दिवशी त्यांची शिफ्ट होती ना? आई तसंच सांगायची.”

“मीच तिला तसं सांगितलं होतं. त्याला मी कळवलंच नव्हतं.”

अक्षताने माउसवरून हात काढला. तिसऱ्या सॉफ्टवेअरचा वादक अजून वाजवत होता. तिने तो बंद केला.

“आईला माहीत होतं?”

शिवराम त्या सपाट रेघेकडे बघत राहिले. मग कपाटातून शब्दकोश काढून त्यातलं निळं पत्र त्यांनी तिच्यापुढे ठेवलं. तिने ते वाचलं. नंतर फक्त तारखेवर बोट ठेवलं.

वहीत उत्तराचे पाच मसुदे होते. पाचही नीटनेटके, मायन्यासकट, आणि पाचांतही ती एक गोष्ट नव्हती. या वेळी त्यांनी मसुदा केला नाही. ‘जोतीराम, त्या दिवशी तुला बोलावलं नाही, ते मुद्दाम. लोक तुझंच नाव काढायचे, ते मला सोसत नव्हतं. बयाने तुझे ठोके मोकळे ठेवून गाऊन ठेवलंय. ये.’ खाली सही केली तेव्हा शाई थोडी पसरली. रविवारी गाणं लावणार नाही, हे अक्षताने फोन करकरून सगळ्यांना सांगितलं. जोतीराम येईपर्यंत थांबायचं, हे कारण मात्र कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी पनवेलच्या पोस्टात खिडकीपलीकडच्या बाईंनी घेणाऱ्याचा मोबाइल नंबर विचारला. नाही म्हटल्यावर त्यांनी पाकीट उलटून पाहिलं.

“पाठवणाऱ्याचा पत्ता राहिलाय, काका. माणूस भेटला नाही तर परत कुठं पाठवायचं?”

“भेटेल,” शिवराम म्हणाले.

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पेन पुढे सरकवलं. त्यांनी ते घेतलं, करंजाड्याचा पत्ता पिनकोडसकट सावकाश लिहिला आणि पाकीट आत दिलं. शिक्का पडला. बाईंनी ते मागच्या पोत्यात टाकलं.