न फिरणारी चकती

मित्रांनो, फोनने फोटो काढायची सोय नव्हती, त्या काळातला रोल घालून चालवायचा कॅमेरा म्हणजे मी. कारखान्यात एका बाईंनी चिमट्याने माझी चार भिंगं बसवली. धुळीचा एक कण दिसला म्हणून तिसरं भिंग त्यांनी तीनदा पुसलं. पुढे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका मुलीने मला विकत घेतलं. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. तिने काढलेले फोटो पाहून पाहुणे म्हणायचे, "हिच्या कॅमेऱ्याला खरंच डोळे आहेत!" अशा वेळी मी मनातल्या मनात फुगायचो.

मग परदेशाचा प्रवास ठरला. धाकटीची ताई नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी दूर देशी गेली होती. तिच्या प्रत्येक पत्रात तेच असे, "मी मजेत आहे, घर मोठं आहे." आईचे गुडघे दुखत, तिला एवढा प्रवास झेपणार नव्हता. निघताना ती धाकटीला म्हणाली, "पत्रांचं मला काही सांगू नकोस. पोरगी कशी राहते, ते मला दाखव. जिवाला घोर लागलाय गं माझ्या."

पोचल्यावर पहिल्याच सकाळी घोटाळा झाला. नवा रोल घालताना त्याचं टोक माझ्या आतल्या खाचेत अडकवावं लागतं. एरवी धाकटी हे काम सावकाश करायची. पण त्या दिवशी ताई दारातून ओरडत होती, "चल गं, बस काय तुझ्यासाठी थांबणारे?"

"आले, आले!" म्हणत धाकटीने झाकण लावलं. टोक खाचेतून निसटलं होतं.

माझी उजवीकडची दांडी ओढली की रोल पुढे सरकतो आणि डावीकडची छोटी चकती फिरते. ती फिरली नाही. धाकटीचं लक्ष बसकडे होतं.

पुढचे पाच दिवस माझी जी तगमग झाली, ती कुणाच्या वाट्याला येऊ नये. जुना पूल, घड्याळाचा मनोरा, नदीतली बोट. ताई पाच मिनिटं कुठे टेकू देईना. बाजारात बर्फावर मासे मांडलेले होते, भट्टीतून निघालेले पाव होते.

"थांब, खाऊ नकोस! आधी फोटो."

"अगं, सूप निवतंय. आई काय फोटो बघून पोट भरणारे?"

खट्. पडदा उघडे, प्रकाश आत येई आणि रोलच्या त्याच एका वाया गेलेल्या टोकावर पडे. माझ्या डोक्यावरच्या इवल्या खिडकीतला फोटोंचा आकडा मात्र वाढत होता, कारण तो फक्त दांडी किती वेळा ओढली तेवढंच मोजतो. चकती बघ, चकती बघ! पण मला तोंड कुठे आहे?

आणखी एक गोष्ट मला भिंगातून दिसत होती. ताई प्रत्येक ठिकाणी तेच हसू हसे आणि बटण दाबलं गेलं की ते पुसून टाकी.

निघायच्या दिवशी सकाळी आकडा अडतीसवर गेला. रोल तर छत्तीस फोटोंचा होता. चकतीवर बोट ठेवून धाकटीने दांडी ओढली. चकती ढिम्म. तिने झाकण उघडलं, तर टोक खाचेबाहेरच होतं. मला मांडीवर घेऊन ती खाली बसली.

"ताई, एकसुद्धा फोटो आला नाही! आता आईला काय दाखवू?"

विमानतळाची गाडी यायला पाऊण तास होता. ताईने चपला घातल्या. "ऊठ, पूल तरी परत काढू."

"पूल नको. इथेच काढू."

"या खुराड्यात?"

उतरत्या छताची ती एकच खोली. एक कॉट, एक शेगडी, खिडकीत वाळणारे मोजे. नीट उभं राहता येई ते फक्त मधोमध.

"मी मोठं घर म्हणून लिहिलंय," ताई हळूच म्हणाली. "जिवाला लावून घेईल आई."

"आत्ता काय कमी लावून घेतलंय?"

मोजे काढायला ताईने हात वर केला आणि तसाच खाली घेतला. "काढ," ती म्हणाली. "केस तरी विंचरू की नको?"

"नको."

रोल आता खाचेत घट्ट बसला होता. दांडी ओढली आणि चकती फिरली! कॉट, शेगडी, उभ्याउभ्या पाव खाणारी ताई. मागे सरकताना तिचं डोकं छताला आपटलं आणि ती खळखळून हसली. ते हसू मी पकडलं.

घरी आईने ते फोटो पलंगावर मांडले. दुपारभर ती एकेक उचलून बघत राहिली. धाकटी दाराशी घुटमळत राहिली. शेवटी आईने डोळे पुसले.

"इतकी वर्षं तिची आठवण आली, की मला ती आपल्याच ओट्यापाशी उभी दिसायची. आता तिला मनात कुठे बघायचं, ते कळलं." मग म्हणाली, "कागद घे, लिही तिला. म्हणावं, छपराखाली वाकून चालत जा."

मित्रांनो, आता मी कपाटात पडून असतो. ओल धरून माझ्या भिंगावर बुरशी चढते आहे. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला अधूनमधून बाहेर काढून पुसा, त्याचं बटण दाबून बघा. रोल घातलात तर चकतीवर नजर ठेवा. आणि आपलं कुणी दूर राहत असेल, तर ते जिथे बसून जेवतं, त्या कोपऱ्याचा फोटो मागा. आवरायला मात्र वेळ देऊ नका.